बाटलीवरचं ‘ट्रेहॅलोज’ नेमकं कशासाठी?

शेतकरी बंधू-भगिनींनो,

आमच्या द्रवरूप रायझोबियमच्या (सोयाबीनसारख्या पिकांच्या मुळांवर गाठी करून हवेतला नत्र पिकाला देणाऱ्या जिवाणूंच्या) बाटलीवर घटकांमध्ये ‘ट्रेहॅलोज’ हे नाव छापलेलं असतं. ते वाचून दोन प्रश्न हमखास येतात. ही साखर कशाला घातली? आणि हीच पिकावर फवारली तर पीक पाण्याचा ताण सोसेल का?

ट्रेहॅलोज म्हणजे ग्लुकोजचे दोन रेणू जोडून झालेली साखर, उसाच्या साखरेच्या निम्म्याहून कमी गोड. अळिंबीत, यीस्टमध्ये, किड्यांच्या रक्तात ती भरपूर असते. वाळलेलं यीस्ट कोमट पाण्यात पुन्हा फसफसतं, त्यात हिचा मोठा वाटा आहे. पेशीतलं पाणी आटलं की आवरणं आणि प्रथिनं विस्कटतात. ट्रेहॅलोज तिथे पाण्याची जागा घेतं आणि काचेसारखं घट्ट होऊन सगळं जागच्या जागी धरून ठेवतं.

आता बियाण्याकडे पाहा. बाटलीतलं हे जिवाणूंचं संवर्धक लावलेलं सोयाबीन सावलीत पसरलं की थोड्याच वेळात दाण्यावरची ओल उडते. आपल्याला दाणा नुसता कोरडा झालेला दिसतो, पण सालीवरचे जिवाणू त्याच वेळी झपाट्याने मरत असतात. ज्यांच्या पोटात ट्रेहॅलोज साठलेलं असतं, ते जास्त संख्येने वाचतात. सोयाबीनच्याच जिवाणूंवर हे तपासलेलं आहे. बाटलीत ही साखर आहे ती जिवाणूंसाठी.

पिकाचं गणित वेगळं आहे. बहुतेक पिकांत ट्रेहॅलोज नावापुरतंच सापडतं, पण ते बनण्याच्या वाटेवरचा ‘ट्रेहॅलोज-६-फॉस्फेट’ हा पदार्थ फार मोलाचा. पानात साखर किती आहे याची वर्दी तो झाडाला देतो. साखर भरपूर असली की तो वाढतो आणि झाड वाढीला, फुलोऱ्याला लागतं. साखर घटली की तोही घटतो आणि झाड काटकसर सुरू करतं. २००२ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात पुसा बासमती भातात ट्रेहॅलोज बनवणारी जिवाणूंची जनुकं घातली, तेव्हा तो भात क्षार, दुष्काळ आणि थंडी जास्त सोसू लागला. तरीही त्यातलं ट्रेहॅलोज थोडंच होतं.

मग फवारावी का? कुंडीतल्या काही प्रयोगांत फवारणीचा फायदा दिसला आहे. उलटही दिसलं आहे. मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपाला ट्रेहॅलोज जास्त दिलं, तेव्हा स्टार्च बीजपत्रांतच साचला, मुळांची टोकं उपाशी राहिली आणि वाढ खुंटली. चुकीची वर्दी मिळाली की असं होतं. म्हणून ही साखर फवारा असं आम्ही सांगत नाही, आणि फवारणीसाठी विकतही नाही.

मात्र गाठीतले जिवाणू स्वतः ट्रेहॅलोज बनवतात, त्याचा झाडाला आधार होतो. २००८ मध्ये घेवड्याच्या जिवाणूंची ही ताकद वाढवून पाहिली. गाठी वाढल्या, आणि पाणी तोडल्यावर सुकलेली झाडं पाणी मिळताच सावरली. आमच्या बाटलीतले जिवाणू असे बदललेले नाहीत, हे स्पष्ट सांगतो.

लावताना आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि सगळ्यात शेवटी जिवाणू. सोयाबीनचं साल पातळ असतं, जोरात चोळू नका. सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. बाटली उन्हात किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका, त्या उष्णतेपुढे ट्रेहॅलोजचंही फारसं चालत नाही.

पीक फुलोऱ्यात आलं की एक झाड मातीसकट अलगद उपटा, मुळं धुवा आणि एक गाठ नखाने फोडून बघा. आतून गुलाबी-लाल निघाली तर जिवाणू कामाला लागलेत. पांढरी किंवा हिरवट निघाली, तर मुळासकट झाड घेऊन आमच्याकडे या.