यमक कुठलं आणि श्लेष कुठला, कुंदा खाता खाता बघू

"कुंदानं कुंदा खाल्ला." बेळगावात ह्याला कुणीपण हसतंय आणि वर म्हणतंय, काय श्लेष मारलास लेका! श्लेष नव्हं ओ, यमक हाय ते. शाळेत दोन्ही शब्दालंकार म्हणून एकाच दमात घोकलेले, म्हणून ही गल्लत. कुंदा हितं दोनदा आलाय, एकदा बाई, एकदा मिठाई, दोन्ही अर्थ ताटात वाढलेलेच, डोस्क्याला काम नाही. ओळींचे शेवट जुळवतो तेही यमकच.

आता जेवताना नुसतं म्हणा, "कुंदा गोड आहे", आणि वाढायला कुंदावहिनी समोर उभ्या. शब्द एकदाच, अर्थ दोन, हा श्लेष. ऐकणारा मिठाई धरून बसलेला असतो, दुसरा अर्थ मागनं येतो आणि तिथंच हसू फुटतं (वहिनींना येईलच असं नाही). पण व्याकरणानं साथ द्यायला पाहिजे. "गोड" दोघांनाही चालतं, "चांगला" म्हटलं की मिठाईच आणि "चांगली" म्हटलं की वहिनीच, जोक खलास. कोट्या करणारे नेमकं हितंच गंडतात.

शब्द न तोडता दोन अर्थ निघाले तर अभंग श्लेष, तोडून निघाले तर सभंग. सभंगाला आपली गावंच पुरतात. नळाला खडखडाट बघून पाहुणा म्हणतो, "म्हणजे ही खरोखरच निपाणी!" हा झकास. "खानापुरात खाना कमी, मलप्रभेला आला की पूर जास्त", हा मला फिका वाटतो, तुकडे आधीच उघडे करून दाखवलेत, शोधायचं काय?

आणि सीमाभागातला खास माल म्हणजे दोन भाषांतला श्लेष. "बैलहोंगलच्या बाजारात गाडीभर हत्ती आलाय." कन्नडात हत्ती म्हणजे कापूस, त्यामुळं कन्नड माणूस भाव विचारतो, पुण्याचा पाहुणा सोंड शोधतो, आणि आपण दोघांकडं बघून हसतो.

तसं मान यमकाचा जुना, भरताच्या नाट्यशास्त्रात अलंकार ४ च, उपमा, रूपक, दीपक आणि यमक, ह्या चारांत श्लेष नाही. पण हसवायला श्लेषच भारी, फक्त दोन्ही अर्थ येणारा माणूस समोर पाहिजे. यमकाला तेवढंही लागत नाही, लग्नात मराठी उखाणा संपला की कन्नड व्याहीसुद्धा शेवट जुळलेला ऐकून टाळी देतात, नाव कुणाचं घेतलं ते मागनं विचारतात.