रिकाम्या रकान्यात सरासरी टाकली तर

‘नोंद नाही तिथे सरासरी टाका’ हा सल्ला प्रोजेक्ट करणाऱ्या विद्यार्थ्यांना सर्रास मिळतो. त्याने सरासरी हलत नाही, हे खरंच. बिघडतं ते दुसरीकडे.

समजा, अंधेरीतल्या एका केंद्रावर ऑक्टोबरातल्या पहिल्या 30 दिवसांपैकी 20 दिवसांचीच पीएम 2.5 ची, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांची, नोंद मिळाली. सरासरी 66 मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर, प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप) 15. आपल्याकडची 24 तासांची मर्यादा 60, म्हणून तुलना 60 शी. (लागोपाठच्या दिवसांची हवा एकमेकांवर अवलंबून असते, तो गुंता तूर्त बाजूला ठेवू.) प्रमाण त्रुटी, म्हणजे सरासरी किती डळमळीत आहे याचं माप: 15 भागिले 20 चं वर्गमूळ, 3.35. टी, म्हणजे मर्यादेपासूनचा फरक भागिले ही त्रुटी = 6 ÷ 3.35 = 1.79. पाच टक्के पातळीवर 2.09 हवा होता, म्हणजे खरी सरासरी 60 पेक्षा वेगळी असल्याचा पुरावा अपुरा.

आता दहा रकान्यांत 66 भरा. या दहा आकड्यांचं सरासरीपासूनचं अंतर शून्य, त्यामुळे अंतरांच्या वर्गांची बेरीज 4275 (15 चा वर्ग × 19) च राहते; मात्र विचलन काढतानाचा भाजक, म्हणजे नोंदींपेक्षा एक कमी, 19 चा 29 होतो. विचलन 12.1 वर घसरतं, वर्गमुळात 20 ऐवजी 30 येतात, त्रुटी 2.22 उरते. टी 2.71, आणि लागणारा आकडा 2.05. निकाल फिरला! एकही नवं मोजमाप न करता.

शेजारच्या केंद्राचा आकडा उचलणंही बेभरवशाचं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, कुलाब्याला 75 सुद्धा नाही. ‘एआय भरून देईल’ म्हणणाऱ्यांनी हे जोडआकडे डोळ्यांपुढे ठेवावेत.

संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड रुबिन यांच्या पद्धतीत प्रत्येक रिकामी जागा अनेकदा, दर वेळी थोड्या वेगळ्या आकड्याने भरतात; दर वेळी आकड्यांचा एक पूर्ण संच तयार होतो आणि त्यातून एक निकाल निघतो. निकालाचं एकूण विचरण (प्रमाण त्रुटीचा वर्ग) = प्रत्येक संचातून मिळणाऱ्या अशा विचरणांची सरासरी + (1 + 1/m) × संचांच्या निकालांमधलं विचरण; m म्हणजे संचांची संख्या. अज्ञानाची किंमत त्या दुसऱ्या पदात मोजली जाते.

एक्सेलमध्ये रिकामा रकाना सरासरीतून वगळला जातो, शून्य मात्र धरलं जातं. ‘नोंद नाही’ यासाठी यंत्राने टाकलेला -999 असा संकेत तसाच राहिला तर विचारूच नका.

सगळ्यात आधी नोंदवही उघडून यंत्र बंद का पडलं ते पाहा. परतीच्या पावसात वीज गेल्याने ते दहा दिवस हुकले असतील, तर पावसाने हवा धुतलेली होती. त्या दहा दिवसांत पीएम 46 धरा: 30 दिवसांची सरासरी 59.3, म्हणजे मर्यादेच्या आत.