ओढ्यातली मेफ्लाय आणि थंड प्रदेशातले अपोलो

मेफ्लाय ही माशी नव्हे, फुलपाखरूही नव्हे. ती एफेमेरोप्टेरा या अतिप्राचीन कीटकगणातली. बसल्यावर ती पंख पाठीवर उभे मिटते, त्यामुळे ठाण्यात येऊरच्या ओढ्याकाठी दिसली तर पटकन लहानसे फुलपाखरू वाटते. पंखांवर खवले नाहीत, मिशा अगदी आखूड आणि शेपटीला दोन-तीन लांब तंतू, एवढे पाहिले की ओळख पटते.

तुलनेला अपोलो (पार्नासिअस) हे फुलपाखरू मुद्दाम घेतले आहे, कारण मेफ्लायसारखे त्याचेही पंख विरळ खवल्यांमुळे कडेला पारदर्शक दिसतात. ते हिमालय, लडाख, मध्य आशिया, युरोपातील डोंगर अशा थंड जागी राहते. ठाण्यात ते नाही; त्याच्या पॅपिलिओनिडी कुळातले ब्लू मॉरमॉन हे महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू (२०१५) मात्र इथे दिसते.

मेफ्लायचे खरे आयुष्य पाण्यात जाते. वाहत्या ओढ्यातला दगड हळूच उलटा करावा. त्याला चिकटलेले चपटे पिल्लू खेकड्यासारखे आडवे सरकते. पोटाच्या दोन्ही बाजूंना पानांसारखे कल्ले असतात. पाण्यात विरघळलेला प्राणवायू ते याच कल्ल्यांनी घेते. म्हणूनच सांडपाणी आले की बहुतेक जाती नाहीशा होतात, आणि ओढा स्वच्छ आहे का हे सांगायला मेफ्लायइतका चांगला साक्षीदार क्वचितच मिळतो. उबदार पाण्यात काही जातींची वाढ थोड्या आठवड्यांत पुरी होते; थंड पाण्यात वर्ष किंवा अधिकही लागते.

अपोलोचेही बरेचसे आयुष्य नजरेआड जाते. युरोपातल्या अपोलोची अळी अंड्यातच तयार होऊन हिवाळाभर तशीच थांबते, बर्फ वितळल्यावर बाहेर येते. पुढे कोश आणि मग पंख. अंगावर दाट केस आणि पंखांच्या बुडाशी काळसर रंग असतो, तो ऊन शोषतो. ढग आला की अपोलो गवतात बसून राहते, कारण अंग तापल्याशिवाय त्याला उडता येत नाही. पंख फुटल्यावर ते फुलांतला मध पिऊन काही आठवडे जगते.

मेफ्लायला कोश नाही. पंख फुटल्यावर ती खातही नाही. तोंडाचे अवयव निकामी झालेले असतात. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत मीलन, अंडी आणि शेवट. त्याआधी मात्र ती एक गोष्ट करते, जी आज हयात असलेला दुसरा कोणताही कीटक करत नाही : पंख आल्यानंतर पुन्हा एकदा कात टाकते. ही पातळ, धुरकट कात ओढ्याकाठच्या पानावर चिकटून राहते.