शालेय ग्रंथालय : इंटरनेटनंतरचे रूप

शाळेतला पुस्तकसंग्रह, तो सांभाळणारी व्यक्ती आणि वेळापत्रकात राखलेला वाचनाचा तास या तिन्ही गोष्टी मिळून शालेय ग्रंथालय होते. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले झाले. महाराष्ट्रातल्या शाळांत ते आधी संगणक कक्षात पोचले, ग्रंथालयात पुष्कळ उशिरा. त्यामुळे माहिती शोधायला शिकवणे हे संगणक शिक्षकाचे काम ठरले आणि ग्रंथपालाकडे फक्त कपाटाच्या किल्ल्या राहिल्या. ही ताटातूट अजून पुरती भरून आलेली नाही.

‘पुस्तके वापरण्यासाठी असतात’ हे ग्रंथालयशास्त्राचे भारतीय अभ्यासक रंगनाथन यांच्या पाच सूत्रांतले पहिले सूत्र १९३१ चे. तरी अनेक शाळांत पुस्तके कुलुपातच राहिली, कारण दाखल नोंदवहीतले (शाळेत आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देऊन नोंदवणाऱ्या वहीतले) पुस्तक गहाळ झाले तर भरपाई आपल्या अंगावर येईल ही धास्ती असे. शिक्षण हक्क कायद्याने (२००९) प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रे, नियतकालिके आणि पुस्तके असलेले ग्रंथालय आवश्यक केले. ग्रंथपालाचे पद मात्र त्यात नाही. माध्यमिक शाळांत पटसंख्येनुसार पूर्णवेळ किंवा अर्धवेळ ग्रंथपाल मिळतो, प्राथमिक शाळेत हे काम एखाद्या शिक्षकाच्या गळ्यात पडते.

पहिला बदल नोंदींचा. केंद्र सरकारच्या एनआयसी या माहिती-तंत्रज्ञान संस्थेचे ‘ई-ग्रंथालय’ किंवा मुक्त संगणक प्रणाली ‘कोहा’ यांवर पुस्तकांची देवघेव नोंदली जाऊ लागली. मराठीत इथे वेगळीच अडचण होती. युनिकोड, म्हणजे सर्व संगणकांवर अक्षरे सारखी ओळखणारी संकेतप्रणाली, रुळण्याआधी नोंदी निरनिराळ्या फाँटमध्ये टंकलेल्या असत. संगणक बदलला की अक्षरांचा चिवडा होई, शोध तर चालतच नसे. युनिकोड आल्यावरही ‘पु. ल.’ आणि ‘पु.ल.’ यांतल्या एका मोकळ्या जागेमुळे एकाच लेखकाची पुस्तके दोन ठिकाणी विखुरतात. नोंद करणाऱ्याची शिस्त यंत्राइतकीच मोलाची आहे.

दुसरा बदल संदर्भांचा. एरवी लहान शाळेला कधीच परवडली नसती अशी साधने आता पडद्यावर आहेत : मराठी विश्वकोश, केतकरांचा ज्ञानकोश, मोल्सवर्थचा शब्दकोश, बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक. तरीही प्रकल्पवहीची वेळ आली की मूल शोधयंत्रात दोन शब्द टाकते, वर आलेले पान छापते आणि चिकटवते. ग्रंथपालाची खरी गरज इथेच लागते.

शिवाजी महाराजांची जन्मतारीख घ्या. इंटरनेटवर १६२७ आणि १६३० अशी दोन्ही वर्षे दिसतात. ‘दुसरे बरोबर, तेच लिही’ एवढे सांगितले तर प्रश्न तिथेच मिटतो आणि शिक्षणही थांबते. त्याऐवजी, आधी १६२७ हे वर्ष प्रचलित होते, टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीत (जेधे घराण्याकडच्या, घटनांच्या तिथीवार जुन्या नोंदींत) फाल्गुन वद्य ३, शके १५५१ ही तिथी मिळाली आणि राज्य शासनाने पुढे तीच, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, मान्य केली, हा माग मुलाला काढू दिला तर तारीख कशावरून ठरते हे त्याला कळते. पान कोणी लिहिले, कधी लिहिले, कशाच्या आधारे लिहिले, हे तीन प्रश्न सातवीतले मूल सहज विचारू शकते. ग्रंथालयाच्या तासाला याहून चांगला उपयोग नाही.

हक्कांचे भानही इथेच द्यावे लागते. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पुस्तकांच्या पीडीएफ बहुधा विनापरवाना असतात. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो; साने गुरुजींचे (मृत्यू १९५०) लेखन म्हणूनच २०११ पासून सर्वांना मोकळे आहे.

जिथे रेंजच नाही तिथे जुळवून घेण्याची रीत साधी आहे. शिक्षक तालुक्याच्या गावी ‘स्टोरीवीव्हर’सारख्या खुल्या संग्रहातल्या मराठी गोष्टी पेन ड्राइव्हवर उतरवून घेतात, छापतात, मधोमध दुमडून टाचतात आणि वर्गात मुलांच्या हाताला येईल अशा उंचीवर दोरी बांधून तीवर टांगतात. या पुस्तकांना दाखल क्रमांक नसतो. पान फाटले तर पुन्हा छापता येते, म्हणून कोणी मुलांवर ओरडत नाही.