ब्लड कॅन्सर आणि फुफ्फुसातील बुरशी : पुराव्यासाठी किती थांबायचे?

किमोनंतर पांढऱ्या पेशींचे काउंट पडलेले, अँटिबायोटिक सुरू, तरी ताप हटत नाही. अशा वेळी बुरशीचे औषध पुराव्याविना सुरू करावे का, हा वाद 1982 पासूनचा. त्या वर्षी अमेरिकेतील एका छोट्या अभ्यासात, सात दिवस ताप टिकलेल्या रुग्णांना अँफोटेरिसिन बी हे बुरशीचे औषध दिल्यावर बुरशीचे संसर्ग कमी आढळले. औषध 1950 च्या दशकातले, किडनीला जड, पोटॅशियम घसरवणारे. त्यामुळे अंदाजाने देण्याला विरोध कायम राहिला.

पुढे सीटीवर फुफ्फुसातील बुरशीच्या गाठीभोवतीचे धूसर कडे ओळखू येऊ लागले, ॲस्परजिलस या बुरशीतून रक्तात येणारा गॅलॅक्टोमॅनन हा घटक तपासता येऊ लागला. 2002 मध्ये निदानाच्या ‘निश्चित’, ‘बहुधा’ आणि ‘शक्य’ अशा पायऱ्या ठरल्या. त्या संशोधनासाठी होत्या. वॉर्डात मात्र औषध अडवायला त्यांचाच आधार घेतला जातो. ‘निश्चित’ म्हणायला फुफ्फुसाची बायोप्सी लागते. रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट वीस हजारांखाली असताना तिथे सुई घालायला कोण धजावेल? फ्रान्समधील 2009 च्या अभ्यासात, खुणा दिसेपर्यंत थांबलेल्या गटात जगण्याचे प्रमाण अंदाजाने औषध दिलेल्या गटाच्या जवळपास तेवढेच राहिले, औषधाचा खर्चही वाचला. पण बुरशीचे संसर्ग जास्त निघाले. थांबण्याच्या बाजूचे लोक हा शेवटचा भाग हळू आवाजात सांगतात.

थांबणे परवडते ते सीटी त्याच दिवशी आणि रक्ताचा रिपोर्ट एक-दोन दिवसांत हाती येतो तिथे. औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) सरकारी कर्करोग रुग्णालय सुरू झाले ते 2012 मध्ये. त्याआधी मराठवाड्यातल्या अनेकांना मुंबईच गाठावी लागे. आजही हिंगोली-धाराशिवकडचा रुग्ण ताप अंगात घेऊनच एसटीत बसतो. एक्स-रेत डाग दिसला की आधी टीबी शोधला जातो. आपल्याकडे ते योग्यच, पण दिवस जातात. मळणीची धूळ, भिजलेला कडबा, घराचे बांधकाम, सगळीकडे ॲस्परजिलसचे बीजाणू असतात. धडधाकट माणसाला त्यांचे काही वाटत नाही. न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) शून्यावर आलेल्याला तेवढे पुरते.

2002 नंतर व्होरिकोनाझोल या औषधाने ॲस्परजिलसचे मृत्यू घटवले. मात्र म्यूकरवर (‘काळी बुरशी’) ते चालत नाही, गॅलॅक्टोमॅननही म्यूकर पकडत नाही, आणि म्यूकर भारतात इतर देशांहून खूप जास्त आहे. मे 2021 मध्ये कोविडनंतरच्या म्यूकरमुळे लायपोसोमल अँफोटेरिसिनचा (त्याच जुन्या औषधाचा किडनीला कमी जड प्रकार) तुटवडा पडला आणि सरकारी वाटप सुरू झाले. ब्लड कॅन्सरच्या रुग्णालाही म्यूकरसाठी लागणारे औषध तेच होते.