मोतीबिंदूतली 'प्रीमियम' लेन्स: मुळात हा शब्द बिलाचा

कोकणात अजून लोक विचारतात, ऑपरेशन लेझरने करायचं की साधं? फेको म्हणजे हल्लीच्या नेहमीच्या ऑपरेशनमध्ये लेझर नसतं, अल्ट्रासाऊंडने मोती फोडून ओढून घेतात, पण त्या घोळाने कुणाचं फार बिघडत नाही. 'प्रीमियम लेन्स' या शब्दाने मात्र बिघडतं, म्हणून जरा मागे जाऊन सांगतो.

डोळ्यात पहिली लेन्स १९४९ मध्ये लंडनला बसली. तिचा नंबर इतका चुकला की पेशंटला भरपूर मायनस चष्मा लागला, म्हणजे लेन्स बसणं वेगळं आणि नीट दिसणं वेगळं हे पहिल्या दिवसापासूनचंच आहे. आपल्या गावांत ती पोचायला खूप वर्षं गेली. तोवर मोती "पिकला" की शिबिरात काढायचा आणि प्लस दहाच्या आसपासचा जाड भिंगाचा चष्मा. त्यातून सगळं पाव पटीने मोठं दिसायचं, आमची आजी पेज वाढताना हमखास वाटीच्या बाहेर ओतायची आणि पडवीची पायरी पायाने चाचपून उतरायची. १९९४ पासून जागतिक बँकेच्या कर्जावर सात राज्यांत मोतीबिंदूचा प्रकल्प चालला, महाराष्ट्र त्यात होता, त्या काळात लेन्स टाकणं हळूहळू नेहमीचं झालं. ती मोनोफोकल, लांबचं स्वच्छ आणि वाचायला चष्मा.

आता तो शब्द. मल्टिफोकल आणि टोरिक १९९० च्या दशकातच आल्या होत्या. अमेरिकेत २००५ मध्ये सरकारी विम्याने ठरवलं की साध्या लेन्सचा खर्च विमा देणार, जवळचंही दिसावं म्हणून वेगळी लेन्स हवी तर वरचा फरक पेशंटचा, आणि २००७ मध्ये टोरिकलाही तेच लावलं. ज्यांचा वरचा फरक पेशंट भरतो त्या लेन्स 'प्रीमियम', म्हणजे ही विभागणी पैसे कोण भरणार याची आहे, दिसण्याची नाही! या दोन लेन्सचं काम पूर्ण वेगळं. टोरिक सिलिंडरचा, म्हणजे डोळ्याचा बाक सगळीकडे सारखा नसल्याने येणारा, नंबर घालवते, ती ज्या अक्षावर बसवायची तिथून एक अंश फिरली तरी साधारण ३ टक्के परिणाम जातो आणि ३० अंश फिरली तर काहीच उरत नाही, म्हणून आधी पेशंटला बसवून डोळ्यावर खूण करतात कारण आडवं झालं की डोळा थोडा फिरतो. मल्टिफोकल आलेला उजेड लांब आणि जवळ असा वाटून देते. चष्मा बऱ्याच जणांचा सुटतो हे खरंच, पण कॉन्ट्रास्ट, म्हणजे फिक्या-गडदमधला फरक, कमी कळतो आणि रात्री दिव्याभोवती वलयं दिसतात. पुढे ट्रायफोकलने मधलं अंतर भरून काढलं, एडॉफमध्ये (फोकस थोडा लांबवणारी लेन्स) वलयं कमी पण बारीक वाचायला बऱ्याचदा चष्मा लागतोच.

आपल्याकडे हे सगळं एकाच पॅकेजच्या कागदावर येतं आणि मुंबईचा चाकरमानी मुलगा प्रेमाने सगळ्यात वरच्या ओळीवर टिक करतो. हर्णैच्या एका तांडेल काकांचं असंच झालं, मल्टिफोकल बसली. तक्त्यावर शेवटची ओळ वाचली, पेपर चष्म्याशिवाय, सगळे खूश. पण पहाटे होडी आत आणताना बंदरातल्या प्रत्येक दिव्याला कडं, दोन दिवे जवळ असले की कडी एकमेकांत मिसळणार आणि अंतर कळेना. वडील रात्री समुद्रावर असतात का, हे लेन्स ठरवताना कुणी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या डोळ्याला त्यांनी साधी मोनोफोकल घेतली.