जन्मदाखला पाठीवर

गेल्या पावसाळ्यात आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या वाड्यातला नववीतला पोरगा मोबाइल नाचवत आला. "काका, बघा ना! दुकानवाला म्हणतो घरनुं ब्रीडिंग छे, रानातलं नाही." फोटोत तळहाताएवढं स्टार कासव होतं, काळ्या पाठीवर पिवळ्या रेघांच्या चांदण्या. मी फोटो मोठा केला. कवचाच्या कडेचा दोन ठिकाणी टवका उडालेला. उंचवट्यांवरची नक्षी घासून पुसट झालेली. आणि मागच्या पायाच्या बेचक्यात एक राखाडी दाणा, वाटाण्याहून लहान.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"कातडीच असेल."

तो गोचीड होता.

गायीम्हशींच्या अंगावरचा गोचीड सगळ्यांना माहीत असतो, पण कासवांना आणि सापांनाही गोचीड लागतात हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. यातले बहुतेक गोचीड आयुष्यात तीनच मोठी जेवणं घेतात. एकेका जेवणानंतर ते खाली पडतात, जमिनीवर कात टाकतात आणि गवताच्या पात्यावर चढून पुढच्या यजमानाची वाट बघत बसतात. ज्या पिल्लाचा जन्म प्लास्टिकच्या टबात झाला आणि ज्याच्याखाली रोज कागद बदलला जातो, त्याच्या अंगावर हा संसार टिकत नाही. म्हणून गोचीड दिसला की त्या जनावरानं गवत पाहिलंय, असं धरून चालावं. क्वचित शेजारच्या रानटी जनावरावरूनही तो येतो, पण मग त्या दुकानात रानटी जनावरं आहेत हे तरी कळतंच. अमेरिकेनं 2000 साली आफ्रिकेतल्या काही जातींच्या कासवांची आयात बंद केली ती कासवांच्या काळजीपोटी नव्हे. त्यांच्या अंगावरचे गोचीड गुरांना 'हार्टवॉटर' नावाचा जीवघेणा रोग देऊ शकतात, ही भीती होती.

सापाच्या खवल्यांमधून फिरणारे खसखशीएवढे काळे किडे, म्हणजे माइट, यांचं मात्र उलटं आहे. त्यांना गवत लागत नाही, पेटीच्या फटीत ते मजेत वाढतात. माइट दिसले तर दुकानदाराच्या स्वच्छतेबद्दल कळतं, सापाच्या जन्माबद्दल नाही. अनेक हौशी लोक इथेच गफलत करतात.

हाच न्याय पोटातल्या जंतांना लावता येतो. टाचणीसारखे बारीक जंत असतात, त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडून थेट पुन्हा पोटात जातात, त्यामुळे बंदिवासातही त्यांचा वंश चालू राहतो. पण पट्टकृमीसारख्या जंतांना मध्ये दुसरा प्राणी लागतो, एखादा किडा, बेडूक किंवा उंदीर. विकत आणलेल्या स्वच्छ उंदरांवर पोसलेल्या सापाच्या पोटात असे जंत सापडले, तर तो आधी कुठे जेवत होता हे विचारायला हवं. प्राण्यांच्या डॉक्टरांना ताजी विष्ठा नेऊन दिली, की सूक्ष्मदर्शकाखाली यातलं बरंच दिसतं.

कवचाकडे वळलो की गोष्ट गुंतागुंतीची होते. बंदिवासात वाढलेल्या कासवांच्या पाठीवर पुष्कळदा पिरॅमिडसारखे टेंगूळ येतात. कोरडी हवा हे त्याचं एक मोठं कारण, चुकीचा आहार हे दुसरं. त्यामुळे 'टेंगूळ असेल तर घरचं, सपाट असेल तर रानातलं' असा सोपा नियम लोक सांगतात. स्टार कासवाला तो लागू करायला जावं, तर ते मुळातच उंचवट्यांचं! रानातल्याही कित्येक कासवांची पाठ अशीच असते. त्यापेक्षा वाढीच्या वळ्या बघाव्यात. रानात पावसाळ्यात भरपूर चारा आणि उन्हाळ्यात उपास, म्हणून वळ्या अरुंद आणि दाट, शिवाय काट्याकुट्यांत घासलेल्या. घरात बारा महिने काकडी-कोथिंबीर मिळाली, की वळ्या रुंद, फिकट आणि नव्या कपासारख्या गुळगुळीत. हाही पुरावा पक्का नाही, पण मोडलेली नखं, जुने ओरखडे आणि घासलेली पाठ एकत्र दिसली, की माझा संशय बळावतो.

स्वभावावरून ओळखायचा मोह मात्र टाळावा. 'बघा किती शांत आहे' हे वाक्य मी दुकानांत इतक्यांदा ऐकलंय! बॉल पायथन हा आफ्रिकेतला अजगर घाबरला की चेंडूसारखा गोळा होऊन डोकं आत लपवतो, नावच त्यावरून पडलं. खोल गेलेले डोळे आणि सुरकुतलेली कातडी घेऊन निमूट पडलेलं जनावर माणसाळलेलं नसतं, तहानलेलं असतं.

याच बॉल पायथनच्या व्यापारात एक तिसरा प्रकार आहे, आणि खरी लबाडी तिथे खपते. घाना, टोगो, बेनिन या देशांत अंडी पोटात असलेल्या माद्या रानातून धरतात, अंडी फार्मवर उबवतात आणि पिल्लं परदेशी पाठवतात. पिल्लू फार्मवर जन्मलं हे खरं, आई रानातली हेही खरं. वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नजर ठेवणारा 'साइट्स' (CITES) नावाचा करार आहे, त्यात म्हणूनच प्रत्येक परवान्यावर एक अक्षर असतं: रानातून धरलेल्याला डब्ल्यू, अशा फार्मवरच्या पिल्लाला आर, आणि आईबापांची जोडीही बंदिवासातच जमली असेल तर सी. दुकानदार 'ब्रीड' म्हणतो तेव्हा त्याला यातलं कुठलं अक्षर विचारावं. कागदावरचं अक्षरही खोटं असू शकतं. इंडोनेशियातून बंदिवासातले म्हणून निर्यात होणाऱ्या हिरव्या अजगरांपैकी किमान 80 टक्के प्रत्यक्षात रानातले होते, असं 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं.

अशा खोट्या कागदांवर प्रयोगशाळेचा तोडगा मला फार आवडतो. बाजरी, ज्वारी, मका, ऊस या वनस्पती हवेतला कार्बन गहू-तांदळापेक्षा वेगळ्या पद्धतीनं पकडतात, त्यामुळे त्यांच्यात जड कार्बन-13 चं प्रमाण थोडं जास्त असतं. मक्यावर वाढलेला उंदीर किंवा किडा जे जनावर खातं, त्याच्या नखात, खवल्यात, टाकलेल्या कातेत हा जड कार्बन उतरतो. कासवाच्या कवचाचं खवलं तर थराथरानं वाढतं, म्हणजे पाठीवर आहाराची रोजनिशीच. जुन्या थरात रानाची खूण आणि नव्या थरात दुकानाची, असंही सापडू शकतं. अर्थात तुलनेला त्या मुलखातल्या रानटी प्राण्यांचे नमुने हवेत, कारण आपल्याकडची कित्येक रानगवतंही याच बाजरीच्या गटातली.

पण आमच्या पोराच्या फोटोपुरतं यातलं काहीच लागत नव्हतं. स्टार कासव आपलं, कच्छ-सौराष्ट्रातल्या झुडपी रानातलं. 2019 साली त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्सच्या पहिल्या परिशिष्टात टाकून बंद झाला, आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ते आहे. ते दुकानातून विकत घेणं हा गुन्हाच, मग ते रानात जन्मलेलं असो की दुकानदाराच्या गच्चीवर. घोरपड आणि मांडूळ हेही संरक्षितच, त्यांनाही 'ब्रीडिंग छे' ही ढाल चालत नाही. बॉल पायथन किंवा इग्वाना यांसारख्या परदेशी जातींसाठी 2024 च्या नियमांप्रमाणे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी लागते, पिल्लं झाली तर त्यांचीही. नोंदणीचा कागद नसेल तर सौदा तिथेच संपवावा.

पोरगा हिरमुसला. "मग आपण ते घेऊन कमाटीबागेत सोडलं तर?"

ते तर आणखी वाईट. विकत घेतलं की दुकानदार त्या जागी दुसरं आणणार. शिवाय भारताच्या वायव्येकडची आणि दक्षिणेकडची स्टार कासवं आनुवंशिकदृष्ट्या वेगळी आहेत. पकडलेली कासवं कुठली हे ठाऊक नसलं, की त्यांना परत कुठे सोडायचं हा वनखात्यापुढे मोठा पेच असतो, कारण चुकीच्या रानात सोडलं तर वंश मिसळतो आणि रोगही पसरतो. वनखात्याच्या कार्यालयात आम्ही दोघे गेलो, तेव्हा तिथल्या साहेबांनी फोटो पाहून पहिला प्रश्न हाच केला, "कुठून आणलं म्हणाला तो?"

पोरानं सांगितलं, "घरचं, म्हणाला."

साहेबांनी वहीत त्या रकान्यापुढे रेघ ओढली.